हौदातली पिल्लं

बीडला डोळ्यांच्या हकिमाच्या ओट्यावर माझ्यापुढं तलवाड्याचे रामकिसनराव आणि त्यांची बायको बायनाबाई बसले होते. रामकिसनरावांची नजर पार गेली होती; आता डोळ्यांच्या ठणक्यापुरतं औषध न्यायला ते येत.

"अगं, हौदातल्या पांढऱ्या शेपटीच्या मासोळीनं अंडी घातली म्हनलीस. चाचपत का व्हईना, लिवलंय मी वहीत. पिल्लं निघाली का?"

"निघतील."

"निघतील न्हाई, कवा ते सांग. कोन्च्या जोडीची पिल्लं लाल व्हत्यात ते कळायलाच तर एवढी वर्सं लिवतोय. हैदराबादहून मासे आनले ते कावून?"

"अवं, दमले मी."

"बसलीच हायस की."

"तसं न्हवं. रोज सकाळी हौदाकाठी उभं राहून तुमाला खोटं सांगून दमले. ती मासोळी उन्हाळ्यातच मेली."

"मग आखाडातली पिल्लं?"

"न्हवतीच."

"त्यातलं एक लाल झालं म्हनलीस."

"ह्याच हकिमानं नजर येनार न्हाई म्हनून सांगितलं, त्या दिशी तुमी जेवला न्हवता. म्हनून म्हनले."



"मी रोज कनिक टाकतोय, ती कोन खातंय?"

"काळा नर. लई म्हातारा झालाय. तेवढाच राह्यलाय."

"म्हंजी वहीतली पानं खोटी झाली की गं."

"फाडून टाकू?"

"नको. राहू दे."

आतून हाक आली. बायनाबाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं.

"उद्यापासनं काळ्याचंच सांग. वर आला का, खाल्लं का, जे असंल ते."

"आन मेला तर?"

"तेबी सांग. लिवायला मी हाय."