दादाचं हाय-फाय आणि आईची कॉट

नाही, पण मी म्हणतो, आईची कॉट हलवलीच कशी? स्वतःच्या आईची! बरं, हलवली तर हलवली, माणूस भिंतीला रंग लावताना हलवतो, पाहुणे आले तर हलवतो, खाली बटण गेलं तर ते शोधायला हलवतो... पण आवाजाच्या आड येते म्हणून? आई नव्हे हो, कॉट! आई घोरत असती, कण्हत असती तर एक वेळ समजलो असतो. कॉट बिचारी चार पायांवर गप्प उभी, आणि आमचा दादा म्हणतो, "ही आवाज खाते." कॉट! आवाज! खाते!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा भावाभावांची भांडणं काढून बसला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची, एकेक भिंग बदलायचं आणि विचारायचं, "हे बरं, की हे बरं?" दिवसभर हेच. तोच मला सांगायचा, "अरे, तिसऱ्या भिंगानंतर कुणाला काही कळत नसतं. लाजेखातर म्हणतात, हे बरं. मग मी त्यांना जरा डोळे मिटायला लावतो आणि पहिल्यापासून सुरू करतो." इतका शहाणा माणूस, बघा! आणि गाण्याचं वेड लहानपणापासूनचं. स्वयंपाकघरात एक जुना टेपरेकॉर्डर होता, त्याचं झाकण रबरबँडनं बांधलेलं, आणि त्याच्याबरोबर हा गायचा. बेसूर! शेजाऱ्यांनी खिडक्या लावाव्यात इतका बेसूर, पण जीव ओतून. त्यावर आई इकडून गुणगुणायची, वहिनी तिकडून भांडी आपटायच्या, सगळं कसं छान चाललं होतं हो!

आणि मग एक गिऱ्हाईक दुकानात एक मासिक विसरून गेलं.

चष्मा विसरलं असतं तर चाललं असतं. मासिक विसरलं! नुसतं गाण्याच्या यंत्रांचं मासिक, गुळगुळीत कागद, आणि त्यात परीक्षणं. लिहिणारा एकच. मासिकवाले म्हणतात त्याचे कान सोन्याचे आहेत, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं सोनकान्या. काय लिहावं त्यानं? "या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज रेशमी असून किंचित ओलसर आहे." ओलसर! अहो, टॉवेल आहे का तो? "खर्जाला पोट आहे, पण ढेरी नाही." "शांतता काळीभोर आहे." आणि दादा हे आम्हाला जेवताना वाचून दाखवायचा, अक्षरशः गहिवरून! "ऐका, ऐका... गायिका आपल्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहते."

वहिनींनी डाव वर उचलला. "कोण गायिका? कुठं येऊन उभी राहते? माझ्या घरात?"

मी म्हटलं, दादा, अख्खं पान वाचलंस, शांततेचा रंग कळला, ढेरी कळली, बाईचं अंतर कळलं, पण यात गाणं कुठं आलं?

"तुला नाही कळायचं," दादा म्हणाला. हे वाक्य तेव्हापासून माझ्या नशिबी आलं ते आलंच.

मग आम्ही दुकानात गेलो. मला नेलं कशाला, तर खोकी उचलायला. दुकान कसलं, बूट बाहेर काढायचे, आत जाड गालिचा, अंधार, आणि विक्रेता असा दबक्या आवाजात बोलतोय की आत कुणीतरी अत्यवस्थ आहे. किंमत नाही सांगत मी तुम्हाला. तुम्ही उठून जाल! विक्रेता एक वायर लावायचा, एक तुकडा वाजवायचा, दुसरी वायर लावायचा, तोच तुकडा पुन्हा, आणि मान तिरकी करून विचारायचा, "हे बरं वाटतंय सर, की हे?"

आणि माझा भाऊ! जन्मभर लोकांना हाच प्रश्न विचारणारा माझा भाऊ! तिसऱ्या वायरीनंतर त्याच्या चेहऱ्यावर तोच गिऱ्हाइकी भाव आला... ओशाळा. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणाला, "हे... हे बरं." मी कोपर मारलं, म्हटलं, "दादा, डोळे मिट आणि पहिल्यापासून सुरू कर!" छे! सगळ्यात महागडी वायर बांधून घेतली.

यंत्र घरी आलं. तर ते लगेच ऐकायचं नसतं म्हणे! सोनकान्यानं लिहिलंय, आधी नुसतं वाजत ठेवायचं, सैल होऊ द्यायचं. यंत्र काय नवी चप्पल आहे, चावायचं थांबेपर्यंत घालून फिरायला? मग फ्रिज बंद, का तर गुरगुरतो. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, कारण त्याची टिकटिक शांततेच्या काळेपणावर डाग पाडते. आणि एवढं सगळं झाल्यावर मासिकातली आकृती उघडली. दोन स्पीकर, एक खुर्ची, तिघांचा त्रिकोण. खुर्ची नेमकी कुठं यावी? आईच्या उशाशी! आणि कॉट त्या त्रिकोणात आडवी.

ती कॉट बाहेरच्या खोलीत का होती, ठाऊक आहे? खिडकीसाठी. आईचे गुडघे गेलेत, खाली उतरणं बंद. पण त्या खिडकीतून तिची सगळ्या रस्त्याशी ओळख. दूधवाला हात करतो, समोरची शिंपीण कपडा वर धरून रंग विचारते, शाळेच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न देतो. बसल्या जागी आईचा अख्खा संसार चाललेला. तर ती कॉट उचलून नेली स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळात! तिला फोन केला तर म्हणते, "काही नाही रे, बरंय की. इथं वारा येतो."

वारा? तिथं खिडकी नाही हो! वारा काय भिंतीतून येतो?

दोन दिवसांनी तिचाच फोन. "थोडे दिवस तुझ्याकडं येऊ का?" विचारते! आई मुलाला विचारते, येऊ का! माझ्या डोक्यात अशी सणक गेली... मी जाऊन तिला घेऊन आलो. घर माझं दोन खोल्यांचं, खिडकीतून दिसते पलीकडच्या इमारतीची भिंत. बायकोनं सगळं केलं तिचं, पण आई त्या भिंतीकडं बघत बसायची आणि मधूनच म्हणायची, "बस गेली असेल आत्ता."

मग मात्र मी भांडायला निघालो. रस्ताभर वाक्यं पाठ केली. दार उघडंच होतं. आत दादा खुर्चीत एकटा, पाठ ताठ, कानामागं दोन्ही हात. आणि वाजतंय काय? कुठलंसं दार लागलं, एक काचेचा पेला फुटला, नगाऱ्यावर एक टोला... संपलं. पुन्हा दार, पुन्हा पेला. मी म्हटलं, हे काय, कुणाच्या घरचं भांडण रेकॉर्ड केलंय?

"चाचणीची तबकडी आहे. पेला बघ कसा फुटतो!"

"अरे, पण गाणं लाव की! आपली ती जुनी..."

"ती नाही लावता येत," दादा खाली बघत म्हणाला. "त्यांचं रेकॉर्डिंग वाईट आहे. या यंत्रावर त्यातले सगळे दोष कळतात. ऐकवत नाही रे."

पाठ केलेली सगळी वाक्यं मी विसरलो. म्हणजे, जी गाणी ऐकण्यासाठी यंत्र घेतलं, तीच यंत्रामुळं ऐकता येत नाहीत? आणि घरी बसून पेले फुटताना ऐकायचे? यात गाणं कुठं आलं? मी ओरडलोच. वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, मी तर रोजच विचारते. हल्ली हे गातही नाहीत हो. बेसूर तर बेसूर, पण घरात माणूस आहे, हे तरी कळायचं."

दादा म्हणाला, "कॉट काढल्यापासून काहीतरी बिघडलंय. आवाज घुमतो. मी मासिकाला कळवलंय. ते स्वतः येणार आहेत आज."

आणि आला की सोनकान्या! काटकुळा माणूस, भर उन्हात कानांना मफलर. पाणी नको, चहा नको, खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन एकेक टाळी वाजवली. भिंतीला कान लावला. मग फरशीवर उकिडवा बसला आणि कॉटच्या पायांचे चार डाग दिसले त्याला.

"इथं काय होतं?"

"कॉट," दादा म्हणाला.

"कॉटवर?"

"गादी."

"कापसाची? हं. आणि गादीवर?"

दादा जरा घुटमळला. "आई."

"वजन?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, आई आहे ती आमची, रद्दी नाही!" त्याचं लक्षच नाही. डोळे मिटून म्हणाला, "परत आणा."

"कॉट?"

"सगळं. कॉट, गादी, उशा, पांघरूण आणि आई. अशा मऊ वस्तू खर्ज शोषून घेतात. त्याशिवाय ही खोली घुमणारच."

वस्तू! आणि माझा भाऊ हे लिहून घेत होता!

संध्याकाळी दादा माझ्या दारात. केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. आईसमोर जमिनीवर बसला, तिचे पाय धरले, आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "आई, चल गं घरी. तुझ्याशिवाय घर घुमतंय."

काय सांगू तुम्हाला! आईच्या डोळ्यांतून धारा. माझी बायको डोळ्याला पदर लावून रडतेय. आणि मी... मला एकट्याला ठाऊक, की हा गडी खऱ्याखुऱ्या घुमण्याबद्दल बोलतोय! बोलावं की गप्प बसावं? शेवटी बोललोच. "दादा, घुमतंय म्हणजे कसं, तेही सांग तिला."

दादा चाचरला. "म्हणजे... खालच्या सप्तकात."

मग सगळं बाहेर आलं, टाळ्या, मफलर, मऊ वस्तू. मला वाटलं, आता आई काठी उचलणार. तर ती हसायलाच लागली! खोकला येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "येते. पण खिडकी माझी. आणि पेले फोडायचे नाहीत, गाणी लावायची."

"त्यांचं रेकॉर्डिंग वाईट आहे गं."

"माझे गुडघेही वाईट आहेत. चालवतेच ना?"

दुसऱ्या दिवशी कॉट जागेवर. बसच्या ड्रायव्हरनं असा लांबलचक हॉर्न दिला की सगळा रस्ता वर बघायला लागला. दादानं डोळे घट्ट मिटून एक जुनं गाणं लावलं. खरखर होती, होती की! पण आईनं गुणगुणायला घेतलं, दादाचे ओठ हलले, आणि अंतऱ्याला आवाज फुटला. तोच! फाटका, बेसूर, जीव ओतून! इतका मोठ्यानं की यंत्राचं काही ऐकूच येईना. वहिनी आतून बघत होत्या, त्यांनी एकदाही भांडं आपटलं नाही. आता तुम्हीच सांगा, दादाच वर ओरडणार, तर एवढ्या महागाच्या वायरी कशाला? रबरबँडवाला काय वाईट होता?

बरं, इथं तरी संपावं की नाही? नाही! सोनकान्या पुन्हा येऊन टाळ्या वाजवून गेला, आणि या महिन्याच्या अंकात त्यानं आमच्या घराचं परीक्षण छापलंय. "खोलीच्या उजव्या अंगाला कमालीची ऊब आली आहे." म्हणजे आई! "मात्र डावं अंग अद्याप उघडं पडलेलं वाटतं. तेथे मध्यम बांध्याची एखादी मऊ वस्तू असणं इष्ट." दादानं ते वाचलं, मासिक मिटलं, आणि सावकाश माझ्या पोटाकडं बघितलं.

आता दर रविवारी मी तिथं. डाव्या कोपऱ्यात, स्टुलावर, लोकरीचा स्वेटर घालून. हलायचं नाही, खाकरायचं नाही. आणि गाणं संपलं की दादा मलाच विचारतो, "काय, ऐकू आला का फरक?"

अहो, कसा ऐकू येणार? फरक म्हणजे मीच ना!