रकाना अकरा : निरंक

— नाही ताई, अर्ज घेतो ना, नाही कुठे म्हटलं? हरकतीची मुदत आज पाचपर्यंत, तुम्ही वेळेत आलात, सह्याही ढीगभर आणल्यात — उपयोग होणार नाही, एवढंच सांगतोय. का? टेकडीच्या पाहणी अहवालात अकरावा रकाना आहे, 'ऐतिहासिक अवशेष', आणि त्यापुढे लिहिलंय 'निरंक'. म्हणजे काही नाही. त्याच्यावरच वसाहतीला मंजुरी मिळाली. सोमवारी यंत्रं चढणार.

कुणी लिहिलं? पाहणी करणाऱ्यानं. — नाही, नाही, इथे बसून नाही खरडलं, गेला होता तो. शेतांचे सगळे टप्पे चढला, एकोणचाळीस, दगडी बांधावर बसून डबा खाल्ला. डोळे फुटले होते का त्याचे? नव्हते. पण अवशेष म्हणजे काय हो ताई — मेल्यावर मागे उरतं ते. आणि बांध तर चालू होता. वडील दर पावसाळ्यानंतर सुटलेले दगड परत बसवायचे, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. रोजच्या वापरातल्या वस्तूला कुणी अवशेष म्हणतं का? एकदा तर दगडाखाली अंगठा सापडला, हे बघा, वण आहे अजून —

हं. मीच. मीच लिहिलं. सहाशे वर्षांचे आहेत ते बांध, हे तुमच्याच कागदात वाचलं मी, आत्ता.

दुरुस्ती? होते की. हा काय नमुना, बघा हवं तर, मीच भरून आजच द्यायचा, पाचच्या आत. एकच ओळ भरायची, 'चूक कशी झाली'. मघाशी आत जाऊन साहेबांना विचारलं तर म्हणाले, तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत, कशाला नसती भानगड. मला ना, वाईटसुद्धा वाटत नाहीये — अंगाखाली दबून हात बधिर होतो ना, तसं झालंय. वडील अंथरुणाला खिळलेत. रोज विचारतात, वरच्या टप्प्याचा कोपरा सुटलाय, बसवलास का? मी म्हणतो, बसवला. सोमवारनंतरही विचारतील. मी म्हणेन, बसवला.

ही तुमची पोच. पेन राहू द्या ताई, पेन आहे माझ्याकडे — नमुना इकडे द्या. कोराच आहे, माहितीये मला. पाच वाजले. खिडकी लावतोय, बोटं काढा.