रशीदभाईंचा डावा हात

मंडळी, बसा. पुढं सरका, मागच्यांना जागा द्या. माइकवाले, आवाज जरा कमी करा — मला ओरडायचं नाहीये आज.

एक विचारतो. चूक केली, कळली, कबूल केली — ठीक! चूक केली, कळली, लपवली — तेही आपल्याला जमतं, चांगलं जमतं! पण चूक केली आणि ती आपल्यालाच कळली नाही, तर? तिचं काय करायचं?

बघा, पुढच्या रांगेतले लगेच वर बघायला लागले. वर पंखा आहे. उत्तर नाही.

आपुल्या हाताचे आपणा न कळे ।
ज्याला लागे बळे त्यासी ठावे ॥

कुणा संताची नाही हो ही ओवी. माझीच वेडीवाकडी. पेटीवाले काका नाक मुरडतायत — मुरडू द्या. म्हणा एकदा माझ्याबरोबर... राहू द्या. आख्यान ऐका.

गाव मिरज. एक मैदान. त्यावर बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट. आता तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात बास्केटबॉल? अहो, गोकुळात चेंडू चालतो, मिरजेत का चालू नये?

तिथं रोज सकाळी सहा ते सात पाच जण खेळायचे. म्होरक्या सुमतीबाई आडमुठे. शाळेत खेळाच्या बाई होत्या, आता निवृत्त. वय साठ. आडनावाला जागणाऱ्या! बाकी औषधाच्या दुकानाचे गुंडाप्पा, रेल्वेतले निवृत्त गार्ड, एक वकील. यांची उडी किती? जमीन आणि चप्पल यांच्यातून कागद सरकवता येईल, एवढी.

आणि पाचवे रशीदभाई. तंबोरे बनवणारे, डावखुरे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते ना, ती जागा घासून घासून सूर उघडायचा — जवारी लावणं म्हणतात त्याला. डोळ्यांचं काम नाही ते, बोटांचं. लांबून लांबून गवई यायचे त्या डाव्या हातासाठी.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. गेला तो नेमका डावा हात!

डॉक्टर म्हणाले, रोज चेंडू खेळा, खंड पाडू नका. म्हणून ते कोर्टावर आले. पहिले सहा महिने चेंडू हातातून गळायचा. मग थांबायला लागला. मग बोटं मिटायला लागली. घोडीवर कानस पुन्हा फिरायला लागली होती, मंडळी! फक्त स्पर्श कळत नव्हता. बोटं हलायची, पण काय लागलं, कुणाला लागलं, ते पत्ता देत नव्हती.

म्हणजे तो सकाळचा तास हा खेळाचा नव्हता. रशीदभाईंचा हात होता तो.

इथं एक नियम सांगून ठेवतो. या पाच जणांत पंच नाही. सुमतीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं — आपला फाउल आपण सांगायचा. हात वर करायचा, चेंडू समोरच्याला द्यायचा. दुसऱ्याचा फाउल दाखवायचा नाही. कधीच नाही! (तुमच्या घरी हा नियम लावून बघा. आठवडाभर शांतता नांदेल. कुणी बोलणारच नाही.)

एके दिवशी आली पोरं. कॉलेजची टीम. राज्यात नाव असलेली. त्यांच्या कॉलेजचं कोर्ट उखडलेलं, स्पर्धा दोन महिन्यांवर. त्यांचा कॅप्टन हर्षद म्हणाला,

"काकू, दोन महिने सकाळचा तास आम्हाला द्या की."

"का? संध्याकाळी या."

"संध्याकाळी लहान मुलांचा क्लास असतो. तुम्ही काय, कधीही खेळू शकता."

"आम्ही कधीही खेळू शकत नाही. याच वेळी खेळतो."

"मग एक डाव होऊन जाऊ दे. एकवीसचा. जिंकेल त्याचा तास. तुम्ही दहापासून सुरू करा, आम्ही शून्यापासून."

दहा! भीक घालावी तसे घातले हो! शहाणा माणूस म्हणाला असता, नको बाळा. पण आडमुठे बाई म्हणाल्या, "घाल चेंडू."

दहा — शून्य.

आता पोरं कशी? सगळ्यांत उंच समरजित. सव्वासहा फूट. तो उडाला की सावली आधी पडायची, तो मागून यायचा. आणि यांना सवय शिट्टीची. शिट्टी नाही, म्हणजे फाउल नाही. कोपर, खांदा, धक्का — सगळं चालू. आपली माणसं धडपडायची, उठायची, काही बोलायची नाहीत.

"यांना लागत नाही का रे?" हर्षद हसत म्हणाला.

पण म्हातारे खेळले. उडी नाही, तर पास. पळणं नाही, तर फळीवरून अलगद. चौदा — अकरा. सतरा — सोळा. एकोणीस — एकोणीस.

वीस — वीस.

पुढचा गोल ज्याचा, त्याचा तास. समरजित उडाला. रशीदभाईंनी अडवायला हात वर केला. डावा. चेंडू खाली पडला! सुमतीबाईंनी उचलला, एकाच जाळीवरचा डाव म्हणून आधी रेघेबाहेर नेऊन परत आणला — पोरं नुसती बघत उभी — फळीवर टाकला — आत!

गार्डसाहेबांनी टोपी उडवली. गुंडाप्पा वकिलाच्या गळ्यात पडले. जिंकले हो!

"थांबा," रशीदभाई म्हणाले.

ते समरजितसमोर जाऊन उभे राहिले. मान वर करून बघावं लागलं. "बेटा, माझा हात तुला लागला का?"

सुमतीबाई धावल्या. "रशीदभाई, गप्प बसा! त्यानं काही म्हटलंय का?"

"बाई, नियम तुमचाच. आपला फाउल आपण सांगायचा. पण मला कळतच नाही, तर मी सांगू कसा? ज्याला लागतो त्यालाच विचारतो."

"अहो, तो खोटं बोलेल! सकाळपासून एकानं तरी हात वर केलाय का?"

"बोलला, तर ते त्याचं. मी विचारलं ना? मग मिळेल ते उत्तर घ्यायचं."

समरजितनं मनगटाकडे बघितलं.

"लागला," तो म्हणाला.

रशीदभाईंनी हात वर केला. तोच डावा. "फाउल माझा. गोल रद्द. चेंडू तुमचा."

तुम्हाला वाटलं, आता पोरगं मुद्दाम चुकवेल? छे! त्यानं चेंडू घेतला, उडाला, टाकला. वीस — एकवीस. तास गेला.

सुमतीबाई आठ दिवस रशीदभाईंशी बोलल्या नाहीत. रशीदभाई सकाळी सहाला दुकानात जाऊन बसू लागले. वर भोपळे टांगलेले, समोर घोडी, हातात कानस. चौथ्या दिवशी बोटं पुन्हा आखडली. कानस खाली पडली. पडली ते आवाजानं कळलं.

पाचव्या दिवशी, उजाडता उजाडता, दारात समरजित. एवढा उंच की वाकून आत आला, तरी भोपळा डोक्याला लागलाच.

"चाचा, एक विचारायचं होतं."

"बोल की."

"त्या दिवशी... माझं कोपर तुम्हाला लागलं होतं का?"

रशीदभाईंनी सदरा वर केला. बरगडीवर जांभळं. अजून.

"लागलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नव्हतंस."

पोरगं म्हणालं, "फाउल माझा," आणि हात वर केला. छताला लागला हो तो हात!

रशीदभाई म्हणाले, "मग? नियम माहीत आहे ना? फाउल केला की चेंडू समोरच्याला द्यायचा."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो चेंडू घेऊन गल्लीत हजर. सरावाच्या आधी अर्धा तास. तो टाकायचा, रशीदभाई डाव्या हातानं झेलायचे. दोन महिने. खंड नाही. सुमतीबाईंना बातमी लागली. तिसऱ्या दिवशी त्याही येऊन उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "अरे, असा टाकतात होय? कोपर आत घे!"

आख्यान संपलं. पण कुणी उठू नका. आरती जरा थांबवा. पेटी बंद.

तुम्ही म्हणता ना, बुवा, मी कुणाचं वाईट केलं नाही? खरं असेल. तुम्हाला तसं वाटतं, एवढं तर नक्कीच खरं! पण ज्याला लागलं, त्याला विचारलंत? शेजारी बघा. बायको बसली असेल. भाऊ बसला असेल, मधे दोन माणसं सोडून — मुद्दाम सोडून! सून मागं उभी असेल. विचारा. आणि विचारलंत, तर मिळेल ते उत्तर घ्या. वाद घालू नका.

घाई नाही. मी इथंच उभा आहे. तुमचं झालं, की आरती.