दम उरला होता

—नाही नाही, बूट काढू नका, फरशी गारढोण असते. बसा. दम लागला ना? दोन मजल्यांत! लागणारच. मालकीणबाई म्हणाल्या असतील, इथली हवा छान, धावणारी सगळी मंडळी हौसेनं येऊन राहतात. छान कसली? हवा आहेच कुठे? नाही म्हणून तर आपण येतो — अडीच हजार मीटरवर छाती झिजवायची, रक्त घट्ट करायचं आणि खाली जाऊन सुसाट पळायचं. असं म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांना पळण्याचा पगार मिळतो ते. आपण कोण? मी विमा कंपनीत दावे तपासतो. तुम्ही? शिक्षक. बरं. म्हणजे बिनपगारी रजा. आणि घरी काय सांगितलंत — एकच वर्ष? मीही तेच सांगितलं होतं.

खिडकी नीट लागत नाही, फटीत कागद कोंबावा लागतो. ते भिंतीवरचे आकडे? नाडीचे. सकाळी जाग आली की अंथरुणातच मोजायची आणि पेन्सिलीनं लिहायची. अठ्ठावन्न, सत्तावन्न, चोपन्न — बघा, कशी उतरत गेलीय. ते एकाहत्तर सोडा. ताप? छे हो. त्या आठवड्यात बायको मुलीला घेऊन आली होती. पोरीला ही हवा सोसली नाही — दोन दिवस उलट्या, डोकं धरून त्या कोपऱ्यात पडलेली — आणि मी पहाटे वीस किलोमीटरला गेलो. जायलाच हवं होतं, वेळापत्रकात होतं. परत येतोय तर दोघी बॅगा भरून बसलेल्या. भांडली नाही हो बायको. "आज नाडी किती आली?" एवढंच विचारलं. आणि मी — मी सांगितली.

जाऊ दे. कामाचं सांगतो, कारण इथे कुणी कुणाला काही सांगत नाही, सगळे घड्याळ बाहीखाली लपवून पळतात. इथे जोरात पळताच येत नाही, छाती मागे खेचते. मग वर्षभर हळू पळायचं — आणि पाय तेवढंच शिकतात! गेल्या रविवारी खाली शर्यत होती. बेचाळीस किलोमीटर. माझ्या वयाला तीन तास दहा मिनिटं. त्याच्या आत आलो की मोठ्या शर्यतीत नाव, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. तिसाव्या किलोमीटरला दम इतका शिल्लक, की शेजारच्याशी गप्पा मारल्या असत्या — आणि पाय? ढिम्म! जोरात पळायचं कसं, तेच विसरलेले! आठवड्यातून एकदा बसनं खाली जायचं, सपाटीवर पाय दामटायचे, परत यायचं — एवढंच करायला हवं होतं. आमच्यातला एक दातांचा डॉक्टर जायचा तसा. आम्ही त्याला हसायचो, "निघाले डॉक्टर सहलीला!" तो तीन तास सहा मिनिटांत आला. मी तीन दहा, वर बावन्न सेकंद. बावन्न! शेवटच्या वळणावर बायको उभी होती. हो, आली होती, पोरीलाही आणलं होतं. पोरीनं पाण्याचा पेला पुढे केला. मी नाही घेतला. थांबलो तर सेकंद जातील म्हणून.

ती बॅग? माझीच. उद्या सकाळच्या बसचं तिकीट बायकोनं काढून पाठवलंय. सोमवारी कामावर हजर व्हायचंय. म्हणाली, "उद्या आलास तर ये. नाही आलास तर पुढे आमची वाट बघू नकोस." रागानं नाही, भाजी आणायला सांगावी तशा आवाजात. म्हणून मालकीणबाईंनी तुम्हाला खोली बघायला वर पाठवलं. बरोबरच आहे त्यांचं.

पण मला सांगा, चूक आत्ता कळली ना? वर्षभर कळली नव्हती, आत्ता कळली! आता निघायचं? तीन महिने — फक्त तीन, दर बुधवारी खाली उतरायचं, पुढची शर्यत आहेच. बावन्न सेकंद काय हो, तीन महिन्यांत? तुम्ही शिक्षक ना? पोराला गणितातली चूक सापडली, की तेव्हाच पाटी काढून घेता का त्याच्या हातातून? बोला की. असे बघू नका माझ्याकडे. बायकोही अशीच बघत होती.

कपाट उघडू नका. नको, पलंगाची लांबी मोजू नका. खोली रिकामी नाहीये. मालकीणबाईंना मी सांगतो काय ते. तुम्ही निघा. आणि दार लावून घ्या जाताना — लावा म्हटलं ना.