बुधवारच्या बाजारातलं भांडण

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय राघोशेठ, नगरसेविका मेघनाताई, व्यासपीठावरचे मानपाड्यातले सर्व ज्येष्ठ, समोर बसलेल्या भगिनींनो आणि बंधूंनो, आणि ज्यांच्या सत्कारासाठी आपण सगळे जमलो आहोत ते गोविंदराव भोईर आणि त्यांच्या पत्नी शकूताई, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी सरोज. घोडबंदर रोडला राहते, त्यामुळे तिथल्या ट्रॅफिकमधून इथवर पोचायला किती वेळ लागला हे मी सांगत नाही, तुम्ही ओळखलंच असेल. खरं तर आज माझ्या जागी माझ्या मुलानं, स्वानंदनं, उभं राहायला हवं होतं. तो निमलष्करी दलात अधिकारी आहे. गोविंदराव त्याच्या तुकडीचे स्वयंपाकी होते. त्याला सुट्टी मिळाली नाही. फोनवर म्हणाला, "आई, तू जा. आणि छान छान बोलून येऊ नकोस, खरं काय झालं ते सांग." तेव्हा मी सांगते. माझा एकुलता एक मुलगा आज जिवंत आहे, कारण तुमच्या गोविंदरावांना भांडता येतं.

हसा, हसा. शकूताई तर सगळ्यांत जास्त हसताहेत!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गडचिरोलीच्या जंगलातला एक मोठा पट्टा कितीतरी वर्षं बंदूकवाल्या दलमच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या टोळीच्या, ताब्यात होता. तो परत मिळवायची मोहीम सुरू झाली होती. एकेका गावाशी तळ टाकायचा, रस्ता मोकळा करायचा, मग पुढच्या गावाकडे जायचं. स्वानंदच्या तुकडीनं ज्या गावाशेजारी तळ टाकला, त्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही.

जमीन ताब्यात आली, पण माणसं? गावातलं कोणी बोलेचना. त्यांचं तरी काय चुकलं? दलमनं बजावलं होतं, शिपायांना मीठसुद्धा विकायचं नाही. विकलं तर ते मारणार, आणि नाही विकलं तर शिपाई काय करतील, हेही ठाऊक नाही. दोन्हीकडून भीतीच. दर बुधवारी आठवडी बाजार भरायचा. आमची माणसं गेली की बाजार गप्प. वस्तू पुढे सरकवायच्या, बोटांनी किंमत दाखवायची, खाली बघायचं.

स्वानंदनं मग हुकूम काढला. बाजारात कोणी आवाज चढवायचा नाही. मागतील ती किंमत द्यायची. भाव करायचा नाही. आधी नमस्कार, शेवटी आभार. आता हा हुकूम कुठून आला, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर आम्हाला सभ्यपणाचे धडे द्यायच्या, तेच मी स्वानंदला दिले, आणि त्यानं ते थेट जंगलात नेले. सहा आठवडे अख्खी तुकडी इतकी सभ्य वागली, की गाव आणखीनच घाबरलं.

सातव्या बुधवारी गोविंदराव सुकट आणायला गेले. एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. गोविंदरावांनी मूठभर सुकट हातात घेतली, वास घेतला, आणि बावीस वर्षांची नोकरी, साहेबांचा हुकूम, सगळं विसरले.

"आगो आये, ही सुकट हाय का रेती? आमचे मानपाऱ्याला अशी सुकट कोंबऱ्यांना पन नाय टाकीत!"

बाजार थिजला. सोबतच्या जवानांना वाटलं, झालं, आता सगळं बिघडलं. म्हातारीनं मान वर केली. ती किती दिवसांची घाबरलेली होती कोण जाणे, पण मालाला नाव ठेवलेलं कुठल्या विकणारीला सोसतं?

"घेवाचा असन तं घे, नाही तं रस्ता धर! माह्या सुकटीले नावं ठेवतेस? बंदूक हाय मनून का?"

"माजेकरं बंदूक नाय, झारा हाय!"

"मंग झारा घेऊन घरी बस!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या गावानं आमच्या माणसांसमोर काढलेला हसण्याचा तो पहिला आवाज.

संध्याकाळी स्वानंदनं गोविंदरावांना उभं करून फैलावर घेतलं. फोनवर मलाही म्हणाला, "आई, एका माणसानं माझी सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात घातली." आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "अरे, त्यांना प्रेमानं शिष्टाचार समजाव." गोविंदराव, त्याबद्दल आज जाहीर माफी मागते.

पुढच्या बुधवारी म्हातारीनं लांबूनच हाक मारली, "आला का रे रेतीवाला?" मग दर बुधवारी भांडण. बघायला माणसं जमायची. शेजारची चिंचवाली मध्ये पडायची, मिरचीवाला मध्यस्थी करायचा. भांडणात नाक खुपसता खुपसता गाव आमच्या माणसांशी बोलायला लागलं.

आणि मग तो बुधवार. भांडण अगदी रंगात आलेलं. म्हातारी पुडी बांधत होती. तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "उद्या नाल्याच्या वाटेनं जाऊ नका." लगेच पुन्हा तारस्वरात शिव्या!

दुसऱ्या दिवशी पहाटे अकरा जणांची गस्त त्याच वाटेनं निघणार होती. पुढे स्वानंद.

गोविंदरावांनी येऊन सांगितलं. स्वानंद पेचात पडला. म्हातारी खरं बोलत असेल तर नाल्यावर मरण. तिला कोणी धमकावून हे बोलायला लावलं असेल, तर दुसऱ्या वाटेवर मरण. त्यानं विचारलं, "कशावरून खरं?"

गोविंदराव म्हणाले, "सायेब, दर बुधवारी ती मना सांगते, माल कालच आलाय. खोटं बोलताना डोलं वटारते. आज नाय वटारले."

मी आई आहे. विचार करा, माझ्या मुलाचा जीव एका म्हातारीच्या डोळ्यांवर आणि एका आचाऱ्याच्या नजरेवर टांगलेला, आणि मी इथे घोडबंदरला निवांत झोपलेली! स्वानंदनं गोविंदरावांवर विश्वास ठेवला. वाट बदलली. नंतर शोधपथकाला नाल्याच्या पायवाटेखाली सुरुंग सापडला.

अकरा घरं वाचली. पण गंमत बघा, तिचे आभार मानायची सोय नव्हती. नुसता संशय आला असता, तरी दलमनं तिला सोडलं नसतं. गोविंदराव पुढच्या बुधवारी गेले आणि नेहमीपेक्षा दुप्पट जोरात भांडले. शकूताई मला सांगत होत्या, "आई, त्या दिवशी फोनवर रडले वो. म्हनाले, जिनं वाचवलं तिलाच शिव्या देऊन आलो."

असं दीड वर्ष ते भांडत राहिले. त्या काळात रस्ता झाला, बस आली. दलममधली उरलेली मुलं-मुली शस्त्रं ठेवून खाली उतरली. त्यांतली दोन त्याच गावची होती. त्यांच्या आया बाजारात सगळ्यांना गूळ वाटत होत्या.

मग तुकडीची बदली झाली. शेवटच्या बुधवारी गोविंदराव गणवेशाऐवजी साधा शर्ट घालून गेले. सुकट मागितली, तिनं सांगितलेली किंमत गुपचूप दिली आणि हात जोडले. म्हातारी बघतच राहिली. मग तिनं नोटा त्यांच्या खिशात कोंबल्या आणि टोपलीवर हात आडवा धरला.

"जातेस का?"

गोविंदरावांनी मान डोलावली.

"मंग भांडून जा. मुक्यानं नेशील तं मी देणार नाही."

आणि हे तुमचे गोविंदराव, भर बाजारात, डोळ्यांतून पाणी गळत असताना, सुकटीला नावं ठेवत उभे राहिले.

गोविंदराव, तुमचे आभार कसे मानायचे, हे मला कुठल्याच सिस्टरनं शिकवलेलं नाही. पण पुढच्या महिन्यात स्वानंदला सुट्टी आहे. आम्ही दोघं आणि तुम्ही दोघं, त्या बसनं, तिच्याकडे जायचं. त्यासाठी चौसष्टाव्या वर्षी मी शकूताईंची शिकवणी लावली आहे. गेल्या रविवारी इथल्या बाजारात मी पहिल्यांदा बोंबलांना नावं ठेवली. आवाज इतका बारीक निघाला, की कोळणीला दया आली, तिनं दोन बोंबील जास्तच टाकले. शकूताई म्हणाल्या, "आई, अजून लई मेहनत हाय." मी करणार आहे मेहनत. त्या बाईसमोर मला गप्प राहून चालणार नाही.

ग्रामस्थ मंडळानं मला बोलायला दिलं, तुम्ही इतक्या मायेनं ऐकलंत, मी आपली ऋणी आहे. तुमच्या बोलीची नक्कल करताना कुठे चुकले असेन, वेळ जास्त घेतला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि पोटात घालायचं नसेल, तर खाली उतरल्यावर माझ्याशी भांडा. मला सराव हवाच आहे.

नमस्कार.