कर्फ्यूतली वटपौर्णिमा

माझ्यासमोर बोन्सायचं नाव काढू नका, डोकं फिरतं माझं! चंदीगडला सारखे कर्फ्यू लागायचे, तेव्हाची गोष्ट. माझ्या कुंडीतल्या वीतभर वडाची मुळं कुजली होती. तार बांधून त्याला आकार द्यायला हात नुसते शिवशिवत होते, पण आधी झाड जगायला हवं ना! म्हणून महिनाभर कात्री नाही, तार नाही, पाणीसुद्धा चमच्याने. कुठे दोन कोवळी पानं फुटली होती, तोच वटपौर्णिमा आली. खरा वड आम्ही राहायचो त्या कॅम्पसच्या गेटबाहेर, आणि कर्फ्यूमुळे गेट बंद!

आंघोळ करून बाहेर येतो, तर व्हरांड्यात कॅम्पसमधल्या सगळ्या मराठी बायका. मध्ये स्टुलावर माझा वड, शेंड्यापर्यंत सुताने करकचून गुंडाळलेला. शिवाय प्रत्येकीने तांब्याभर पाणी ओतलेलं.

"अगं, मरेल ना तो!"

"आजच्या दिवशी असं अभद्र बोलू नका," बायको म्हणाली. "तुमच्याच आयुष्यासाठी चाललंय."

आणि वर निघताना शेजारच्या वहिनी मलाच सांगतात, "भाऊजी, पुढच्या वर्षीपर्यंत याला जरा मोठा करा हो. एवढ्याशा झाडाला फेरे मारताना गरगरतं!"