लढाईविना परतलेल्या हवालदारांचा सत्कार

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय उमाशंकर स्वामी साहेब, मंचावरील मान्यवर, सत्कारमूर्ती जहांगीरभाई तांबोळी, पहिल्या रांगेतल्या मलिकाभाभी, आणि जळकोटकर पालक-विद्यार्थीहो,

जहांगीरभाई आपल्या शाळेची बस चालवतात. त्याआधी सतरा वर्षं ते फौजेत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही दोन वर्षं फौज माणसाला परत बोलावू शकते, हे मुख्याध्यापिका असूनही मला ठाऊक नव्हतं. सीमेवर तणाव वाढला आणि पत्र आलं. त्यांनी ते वाचलं, खिशात ठेवलं, मुलांना घरोघरी सोडलं आणि मग मला सांगितलं, "मॅडम, उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा. बोलावणं हाय."

आपण त्यांना वाजतगाजत निरोप दिला. मी अकरा मिनिटं बोलले. शत्रूला धूळ चारल्याशिवाय परतू नका, असंही म्हणाले. टाळ्या चांगल्या पडल्या.

तिकडे त्यांना सीमेपासून लांब, एका तळावर ट्रक दुरुस्तीला लावलं. नवव्या दिवशी तणाव निवळला आणि फौजेनं आभार मानून परतीचं तिकीट दिलं.

पुढे चार दिवस त्यांचा पत्ता नाही. फोन बंद. मलिकाभाभी शाळेत आल्या. "मॅडम, बाकीचे समदे घरी आले म्हणं. माझा माणूस कुठं हाय?"

तेवढ्यात उदगीरहून त्यांच्या भावाचा, शहेबाजचा, निरोप आला, भाऊ माझ्याकडं हाय म्हणून. आम्ही दोघी गेलो. जहांगीरभाई त्याच्या गॅरेजात एका जीपखाली होते. बाहेर आले, पण मान खालीच. म्हणाले, "मॅडम, एक गोळी झाडली न्हाई. तुमी एवढं बोलला होता. कोणत्या तोंडानं गावात येऊ?"

मी तिथंच माफी मागितली. त्याचा परिणाम झालेला दिसला नाही.

मग भाभी बोलल्या. मला कळावं म्हणून की काय, मराठीतच. "सतरा वर्षं तुमी जिते यावं म्हणून दुवा मागितली. आता आलाव, तर त्याची लाज वाटायलीय तुमाला?" आणि तिथंच टायरवर बसून त्या लई रडल्या.

जहांगीरभाईंनी हात धुतले. विचारलं, "जळकोटची गाडी कितीला हाय?"

सोमवारी आपली बस वेळेवर आली. मुलांनी विचारलं, तिकडं काय केलं? म्हणाले, "बावीस ट्रक चालू केले."

हा सत्कार त्या बावीस ट्रकांचा आहे, आणि धडधाकट घरी आल्याचा. खरं तर एक शाल भाभींसाठीही आणली होती. त्या म्हणाल्या, "मला शाल नको. माणूस सहाला घरी धाडा, म्हंजे झालं."

सहाला दहा मिनिटं कमी आहेत. तेव्हा अध्यक्ष महोदय, उरलेली भाषणं सत्कारमूर्तींच्या गैरहजेरीत व्हावीत, ही विनंती. बोलण्यात कुठं कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आपण सारे आलात, आभारी आहे. जहांगीरभाई, भाभी, तुम्ही निघा.